लार्व्हा ट्रॅकिंगचं खोकं: पार्किन्सनच्या कामासाठी घ्यावं का?

झेब्राफिश या छोट्या माशाच्या पिल्लांवर (म्हणजे लार्व्हांवर) पार्किन्सन या मेंदूच्या आजाराचं काम सुरू करायचं म्हटलं की खरेदीच्या यादीत त्यांची हालचाल मोजणारं हे मशीन हमखास वर येतं, आणि ज्याला त्याला एकच प्रश्न पडलेला असतो की एवढं महागडं खोकं घ्यायचं की साधा कॅमेरा लावून भागवायचं. आमच्या लॅबमध्ये ते रोजच्या वापरात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असली खोकी बनवणारे मोजकेच आहेत आणि मला जे म्हणायचंय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडतं.

निकाल आधीच सांगून टाकते. हालचाल मोजायला मशीन एक नंबर आहे, पण पार्किन्सन मोजायला नाही. विकणारा माणूस या दोन गोष्टी एकाच दमात बोलतो आणि आपण पण मान डोलावतो, तिथेच सगळा घोळ होतो. पाचपैकी साडेतीन स्टार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मशीन म्हणजे एक बंद खोकं, खालून इन्फ्रारेड लाईट, वर कॅमेरा, मध्ये ९६ वेलची (म्हणजे बारीक खळग्यांची) प्लेट ठेवायची जागा, प्लेटखालून पाणी खेळवून तापमान २८ अंशाच्या आसपास धरून ठेवायची सोय, आणि सोबत सॉफ्टवेअर, जे प्रत्येक वेलमधलं पिल्लू किती मिलिमीटर पोहलं, किती वेळ नुसतं पडून होतं, कडेकडेने फिरलं की मधून, हे सगळं मोजून एक्सेल शीट हातात देतं. इन्फ्रारेड माशांना दिसत नाही असं धरतात, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने अंधार असला तरी कॅमेऱ्याला सगळं दिसतं. आयडिया खरंच भारी आहे.

आणि मुळात मासाच का, हा प्रश्न प्रत्येक नवीन पोरगं विचारतंच. एक जोडी एका वेळेला दोनेकशे अंडी देते, अंडं आईच्या पोटाबाहेर वाढतं, पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं, पाचव्या दिवशी ते पोहायला आणि शिकार करायला लागतं, आणि औषध द्यायचं तर बहुतेक वेळा पाण्यात मिसळलं की झालं, इंजेक्शनची भानगड नाही. २०१३ साली झेब्राफिशचा जीनोम आला तेव्हा माणसाच्या साधारण ७० टक्के जीन्सना माशात किमान एक तरी जोडीदार सापडतो हेही कळलं. जॉर्ज स्ट्रायसिंगरने ओरेगॉन युनिव्हर्सिटीत १९८१ साली या माशाचे क्लोन करून दाखवले तिथून ही गाडी सुटली, आणि १९९६ च्या मोठ्या म्युटंट स्क्रीन्सनंतर (जीन्स बिघडवून माशात काय बदलतं ते बघणारे प्रयोग) तर हा मासा सगळीकडे पोचला. उंदरावर ज्याला महिने जातात ते इथे आठवड्यात दिसतं. एका प्लेटमध्ये ९६ प्राणी, म्हणजे औषधांची चाळणी लावायची असेल तर उंदीर या वेगाला कुठून येणार.

आता प्रत्यक्ष वापर. प्लेट भरणं हेच अर्धं काम आहे, हे कोणी सांगत नाही. पिल्लू साधारण चार मिलिमीटरचं, त्याला पिपेटच्या कापलेल्या टोकातून हळू ओढायचं आणि वेलमध्ये सोडायचं, प्रत्येक वेलमध्ये पाणी अगदी सारखं हवं, कारण पाण्याची पातळी कमीजास्त झाली की कडेला पाणी वर चढून जी वाटी तयार होते तिची सावली कॅमेऱ्यात येते आणि पिल्लू कडेला गेलं की गायब. सॉफ्टवेअरला वाटतं पिल्लू थांबलं. एखाद्या वेलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर उलटं, बुडबुडाच पिल्लू समजून मशीन त्यालाच धरून बसतं आणि आपल्याला वाटतं हा प्राणी तर पूर्ण पॅरालाइज झाला. मी प्लेट आत ठेवण्याआधी लाईटसमोर तिरकी धरून एकेक ओळ बघते, बुडबुडा दिसला की बारीक सुईने फोडते, मगच दार लावते. दाराचं मॅग्नेट बरंच कडक आहे, धाडकन बंद झालं की सगळी प्लेट हादरते आणि ९६ च्या ९६ पिल्लं एकदम दचकतात, मग निदान पंधरावीस मिनिटं त्यांना शांत होऊ द्यावं लागतं. कंपनीने तिथे रबराची एक पट्टी लावली असती तर काय बिघडलं असतं देव जाणे, आम्ही शेवटी आमची आम्हीच चिकटवली.

लाईटचा भाग मात्र सुंदर जमलाय. पाच दिवसांच्या पिल्लांना उजेडातून एकदम अंधारात टाकलं की ती सैरावैरा पोहायला लागतात, परत उजेड केला की निवांत होतात. दहा मिनिटं उजेड दहा मिनिटं अंधार असं चक्र लावायचं, स्क्रीनवर ग्राफ डोंगरासारखा वर जातो खाली येतो, आणि एमपीटीपी (पार्किन्सनसारखी लक्षणं आणणारं विष) दिलेल्या पिल्लांचा डोंगर बुटका राहतो. पहिल्यांदा बघितलं की खरंच अंगावर काटा येतो, झालंच म्हणजे, मॉडेल तयार, पेपर लिहायला घ्या. इथेच थांबायचं आणि विचार करायचा.

कारण डोंगर बुटका व्हायला शंभर कारणं असतात. पिल्लाचा स्विम ब्लॅडर, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, चौथ्यापाचव्या दिवशी फुगते, ती नाही फुगली तर पिल्लू तळाशी पडून राहतं. विषामुळे वाढच मागे पडली तर पाच दिवसांचं पिल्लू चार दिवसांच्या पिल्लासारखं पोहतं. हृदयाभोवती पाणी साठलं, स्नायू कमजोर झाले, डोळे नीट बनले नाहीत म्हणून अंधार झाल्याचं कळलंच नाही, डीएमएसओ (औषध विरघळवायचं द्रावक) जरा जास्त पडलं, काहीही. सकाळी घेतलेली प्लेट आणि दुपारी घेतलेली प्लेट यांच्यात सुद्धा फरक येतो, म्हणून कंट्रोल आणि डोस एकाच प्लेटवर आणि एकाच वेळेला पाहिजेत, आणि कंट्रोलला सगळी कडेची ओळ द्यायची नाही कारण कडेच्या वेलमधलं पाणी लवकर उडतं. मशीनला यातलं काही कळत नाही. ते बिचारं इमानदारीत मिलिमीटर मोजून देतं.

आणि समजा ही सगळी कारणं बाद केली, खरंच डोपामिनचाच (पार्किन्सनमध्ये मेंदूत कमी पडणाऱ्या रसायनाचा) मामला आहे असं ठरवलं, तरी पुढे अजून एक मोठी अडचण आहे जी विकणारा कधीच सांगणार नाही. माणसात पार्किन्सनमध्ये डोपामिनच्या ज्या पेशी मरतात त्या मिडब्रेनमध्ये (मेंदूच्या मधल्या भागात), सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाच्या जागेत असतात. माशाच्या मिडब्रेनमध्ये डोपामिनच्या पेशीच नसतात. हो, नसतातच. त्यांच्या डोपामिनच्या पेशी पुढच्या भागात, डायएन्सेफॅलॉनमध्ये वगैरे असतात, आणि तिथल्या पोस्टिरियर ट्युबरक्युलम नावाच्या जागेतल्या काही पेशी वरती स्ट्रायटमसारख्या (हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या) भागाकडे तार टाकतात म्हणून त्यांना नायग्राच्या जवळच्या समजतात. पण तिथल्याच बऱ्याच मोठ्या पेशी खाली पाठीच्या कण्याकडे तार टाकतात, आणि पिल्लाच्या पोहण्यावर त्यांचा चांगलाच हात असतो. या पेशी माणसातल्या ए११ नावाच्या गटाशी जुळतात, नायग्राशी नाही. म्हणजे आपण ज्या पिल्लाचा डोंगर बुटका झाला म्हणून नाचतोय तो कदाचित वेगळ्याच पेशींमुळे झालाय. यावर तज्ज्ञांमध्येच वाद आहेत, माशाच्या स्ट्रायटममधलं डोपामिन नेमकं कुठून येतं, बाहेरून का तिथल्याच पेशींकडून, यावरही मतं बदलत गेलीत. मग एका खोक्याने एक आकडा दिला म्हणून आपण निकाल कसा लावायचा?

म्हणून आमच्याकडे नियम आहे, खोक्याचा आकडा एकटा कधी वापरायचा नाही. त्याच प्लेटमधली पिल्लं काढायची, फिक्स करायची आणि टायरोसिन हायड्रॉक्सिलेजचा (डोपामिन बनवायला लागणाऱ्या एन्झाइमचा) स्टेन करून पेशी मोजायच्या, नाहीतर आधीपासूनच चमकणाऱ्या पेशींची लाईन (म्हणजे माशांचा वाण) वापरायची, व्हीमॅट२ जीएफपी किंवा डॅट जीएफपी, म्हणजे जिवंत पिल्लातच मायक्रोस्कोपखाली मोजता येतं. पेशी मुळातच मोजक्या असतात, त्यामुळे चारपाच कमी झाल्या तरी टक्का मोठा दिसतो, म्हणून मोजणाऱ्याला कुठलं पिल्लू कुठल्या गटातलं हे माहीत नसावं. स्टेन करायचा तर पिल्लांचा काळा रंग आड येतो, म्हणून लहानपणापासून पाण्यात पीटीयू (रंग बनू न देणारं रसायन) घालतात किंवा कॅस्परसारखी बिनरंगाची लाईन घेतात. आता गंमत अशी की अंगावर रंग नसलेलं पिल्लू खोक्याच्या कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, डोळे तेवढे दिसतात (कॅस्परचे डोळे काळेच असतात म्हणून निभावतं), पीटीयूवाल्याचे तर डोळे पण फिके. थ्रेशोल्ड (किती गडद ठिपक्याला मासा समजायचं ती मर्यादा) खाली आणला की प्लेटवरचे ओरखडे पण मासे होतात. या एका गोष्टीने आम्हाला जेवढा ताप दिलाय तेवढा बाकी कशानेच नाही. मार्ग असा काढला की रंग असलेली पिल्लं खोक्यासाठी आणि त्यांचीच बिनरंगाची भावंडं पेशी मोजायला, पण मग तेच पिल्लू दोन्हीकडे मोजता येत नाही, हा तोटा राहतोच.

दुसरी खात्रीची गोष्ट म्हणजे उलटं करून बघणं. डोपामिन कमी पडल्यामुळे पिल्लू मंद झालं असेल तर लेव्होडोपा किंवा अपोमॉर्फिन (डोपामिनची उणीव भरून काढणारी औषधं) दिल्यावर ते निदान थोडंतरी सुधारायला हवं, आणि नुसत्या हॅलोपेरिडॉलने, जे डोपामिनचे रिसेप्टर अडवतं, चांगलं पिल्लू पण मंद व्हायला हवं. हे तिन्ही जमलं की मग मी खोक्यावर विश्वास ठेवते. या कामात मशीन खरंच उपयोगी आहे, कारण एकाच प्लेटवर सगळे गट एकदम बसतात आणि तासाभरात उत्तर मिळतं, हाताने व्हिडिओ बघून हे करायचं म्हटलं तर म्हातारपण आलं असतं.

विषांबद्दल पण जरा बोलते, कारण मशीन आवडतं की नाही हे त्यावरच ठरतं. एमपीटीपी सगळ्यात सरळ चालतं. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुणांनी घरगुती बनवलेलं नकली ड्रग टोचून घेतलं आणि ते एकदम पार्किन्सनच्या पेशंटसारखे थिजून गेले, विल्यम लँग्स्टन यांनी त्याचा माग काढला आणि त्यातून हे रसायन सापडलं. शरीरात एमएओ-बी नावाचं एन्झाइम त्याचं एमपीपी प्लस करतं, ते डोपामिनच्या ट्रान्सपोर्टरमधून पेशीत शिरतं आणि मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीच्या वीजघराचा) कॉम्प्लेक्स वन बंद पाडतं. माशात एमएओ ए आणि बी असे दोन नसतात, एकच असतं, तरी काम होतं, आणि सेलेजिलिन (एमएओ अडवणारं औषध) दिलं की पेशी वाचतात, म्हणजे रस्ता तोच आहे. फक्त एक लक्षात ठेवा, हे माणसालाही लागणारं विष आहे, प्लेट गच्च झाकणाशिवाय खोक्यात ठेवू नका, खालच्या ट्रेमध्ये सांडलं तर ते पाणी पंपातून फिरत राहतं. आमच्या मशीनचा ट्रे काढून धुता येतो, पण त्याचे स्क्रू इतके आत आहेत की ग्लोव्ह्ज घालून काढताना रडू येतं. एक स्टार इथेच कापलाय.

रोटेनॉनचा अनुभव मात्र वेगळा. हे मुळात झाडाच्या मुळांतून येणारं मासे मारायचंच विष, तलावातले नको असलेले मासे काढायला वापरतात. त्यामुळे डोस जरा वर गेला की पार्किन्सन बिर्किन्सन काही नाही, सगळी प्लेट मेलेली. आणि मेलेलं पिल्लू पण खोक्याला शून्य मिलिमीटरच दिसतं, मंद आणि मेलेलं यांत ते फरक करत नाही. नवीन व्हर्जनमध्ये शेवटी एक टकटक किंवा झटका देऊन कोण हललं नाही ते बघायची सोय आहे, ती वापरा, नाहीतर प्लेट बाहेर काढून मायक्रोस्कोपखाली हृदय चालतंय का बघा, पारदर्शक माशाचा हा फायदा फुकट मिळतो. ६-ओएचडीए हे तिसरं विष तर ब्लड ब्रेन बॅरियर (रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं ते ठरवणारी भिंत) पार करत नाही, त्यामुळे ते द्यायचं तर बॅरियर पक्का व्हायच्या आत किंवा थेट मेंदूत, म्हणजे पाण्यात टाका आणि प्लेट लावा हा सोपा खेळ तिथे नाही.

जीन्सच्या बाजूने येणाऱ्यांना मशीनचा उपयोग अजून बेताचा. पार्किन्सनचं सगळ्यात बदनाम प्रोटीन म्हणजे अल्फा-सिन्युक्लिन, लुई बॉडीत (पेशंटच्या मेंदूच्या पेशींत दिसणाऱ्या गोळ्यांत) तेच साठतं, आणि झेब्राफिशमध्ये त्याचा जीनच नाही. बीटा आहे, गॅमा दोन आहेत, अल्फा नाही. माणसाचा जीन घालून काम करतात, पण ते उसनं झालं. उलट यातूनच एक छान गोष्ट कळली, जीबीए१ हा पार्किन्सनशी जोडलेला जीन बंद केलेल्या झेब्राफिशमध्ये अल्फा-सिन्युक्लिन नसतानाही डोपामिनच्या पेशी कमी होतात. पण हे मासे तीनेक महिन्यांचे होतात तेव्हा कुठे खरं बिघडतं, आणि तीन महिन्यांचा मासा ९६ वेलच्या प्लेटमध्ये बसवणार कसा? त्याला टाकी पाहिजे, वरून कॅमेरा पाहिजे, कंपनी त्याचं वेगळं जोडखोकं विकते. पिंक१ या दुसऱ्या जीनच्या म्युटंटचं तसं बरं, तिथे पेशींची घट लहानपणीच दिसते. एलआरआरके२ या जीनचं तर मॉर्फोलिनो (जीनचं काम तात्पुरतं दाबणारा रेणू) वापरून एका गटाला पार्किन्सनसारखं दिसलं आणि दुसऱ्या गटाला तेच करून काहीच दिसलं नाही, तेव्हापासून मॉर्फोलिनोचा डेटा आला की लोक भुवया उंचावतात. २०१५ मध्ये बऱ्याच मॉर्फोलिनोंचे परिणाम खऱ्या म्युटंटशी जुळत नाहीत असं दाखवणारा पेपर आल्यावर तर बोलायलाच नको. अशा पिल्लांना खोक्यात घालून सुंदर ग्राफ काढता येतो, ग्राफ खरा, पिल्लूच मुळात विषारी डोसने आजारी.

आणि पार्किन्सन हा म्हातारपणाचा आजार आहे, आपण तो पाच दिवसांच्या बाळात शोधतोय, हे पण मनात ठेवायला पाहिजे. शिवाय मासा मेलेल्या डोपामिनच्या पेशी परत बनवतो, माणसाला जे जमत नाही ते. पेशी परत कशा येतात हेच शिकायचं असेल तर सोनं आहे, हळूहळू वाढत जाणारा आजार दाखवायचा असेल तर डोकेदुखी. म्हातारपणच पाहिजे असेल तर आफ्रिकेतला टर्क्वॉइज किलीफिश बघा, चारसहा महिन्यांत म्हातारा होऊन मरतो, त्याच्यात वयाबरोबर डोपामिनच्या पेशी आपोआप घटतात असं २०१९ मध्ये जपानच्या गटाने दाखवलंय, आणि त्यात सिन्युक्लिनचा हात आहे असंही. मेडाका या जपानी माशावर पण पिंक१ आणि पार्किन हे दोन्ही जीन बंद करून काम झालंय. पण या दोघांसाठी खोकं घ्यायचं काही कारण नाही, मोठ्या माशांना साधी टाकी आणि चांगला कॅमेराच लागतो.

सॉफ्टवेअर ठीकठाक. एकूण अंतर, वेग, थांबण्याचा वेळ हे बिनचूक देतं. पण झेब्राफिशचं पिल्लू सलग पोहत नाही, एक झटका, मग थोडं घसरत जाणं, मग थांबा, असं पोहतं. पार्किन्सनच्या दृष्टीने खरी मजा याच्यात आहे, झटके कमी झाले, का प्रत्येक झटका छोटा झाला, का सुरुवात करायलाच वेळ लागतोय. एकूण अंतर तिन्हीत सारखंच कमी येईल. मशीनचा कॅमेरा सेकंदाला २५-३० फ्रेम घेतो, त्यात झटके मोजता येतात पण शेपटीची हालचाल धूसर, तिला सेकंदाला शेकडो फ्रेम लागतात. महागडं जास्त वेगाचं मॉडेल मिळतं, पण मग ९६ वेल एकदम विसरा. व्हिडिओ सेव्ह करायचा ऑप्शन आधीपासून बंद असतो, तो पहिल्या दिवशीच चालू करा, हार्ड डिस्क भरू दे, नाहीतर पुढे झेब्राझूम किंवा डीपलॅबकटसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून परत मोजायचं म्हटलं तर हातात फक्त आकडे. सर्व्हिसचं म्हणाल तर मेलला उत्तर येतं पण लायसन्सची डोंगल (कॉम्प्युटरला लावायची किल्ली) एकच, ती ज्या कॉम्प्युटरला लागलीय तिथेच बसून डेटा काढायचा, त्यामुळे एक जण प्लेट चालवत असला की बाकीचे रांगेत.

मग घ्यावं कोणी? ज्यांच्याकडे चाळायला शेकड्याने कंपाउंड आहेत आणि स्टेन करणारा माणूस व कॉन्फोकल मायक्रोस्कोप पण आहे, त्यांनी डोळे झाकून घ्यावं, वर्षभरात वसूल होतं. एकदोन म्युटंट लाईन घेऊन बसलेल्या छोट्या लॅबने इन्फ्रारेड एलईडीची पाटी, फिल्टर काढलेला कॅमेरा, पुठ्ठ्याचा काळा डबा आणि फुकटचं सॉफ्टवेअर यावर सुरुवात करावी, २४ वेलच्या प्लेटला ते मस्त चालतं, आणि वाचलेले पैसे चांगल्या अँटिबॉडीवर आणि मासे सांभाळणाऱ्या माणसावर घालावेत. डेमो मागताना कंपनीची पिल्लं वापरू देऊ नका, त्यांचे मासे नेहमी काळेभोर आणि तरतरीत असतात. आपली पीटीयूवाली फिकी पिल्लं न्या, निम्म्या वेलमध्ये मेलेली टाका, दोनचार वेल रिकाम्याच ठेवा, आणि मग सॉफ्टवेअर काय सांगतं ते त्यांच्या माणसासमोरच बघा.